मानेवरचा हात: एका उपचाराचा आणि त्याच्या कारणांचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मानदुखीवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण कार्यकारणभाव हा आमचा जुना विषय आहे, आणि कार्यकारणभावाची जेवढी फसवाफसवी मानेच्या दुखण्यात दिसते तेवढी फार थोड्या ठिकाणी दिसते. म्हणून हा विषय. आणखी एक कारण आहे, ते पुढे ओघात येईलच.

आधी नाव बघू. डॉक्टर ज्याला ‘मेकॅनिकल नेक पेन’ म्हणतात त्याला मराठीत शास्त्रीय शब्द नाही, पण घरगुती शब्द भरपूर आहेत. मान आखडली, मान अवघडली, मान लचकली, मान धरली. सकाळी उठलो आणि मान उजवीकडे वळेचना. किंवा दिवसभर खाली मान घालून काम केलं आणि संध्याकाळी खांद्यापर्यंत ठणका लागला. हलवलं, वळवलं, एकाच ठेवणीत फार वेळ ठेवलं की वाढतं. ठेवण बदलली की कमी होतं. आता याची व्याख्या कशी करतात बघा. हाड मोडलेलं नाही, जंतुसंसर्ग नाही, गाठ नाही, संधिवातासारखा दाहाचा आजार नाही, नस दबून हात लुळा पडलेला नाही; हे सगळं वगळल्यावर जे उरतं ते मेकॅनिकल. म्हणजे उपनिषदातल्या ब्रह्मासारखी ‘नेति नेति’ करत केलेली व्याख्या! फरक एवढाच, की हे मात्र रोज पहाटे उशीवर अनुभवाला येतं.

नुसत्या हातांनी या दुखण्यावर जे केलं जातं त्याला आज मॅन्युअल थेरपी म्हणतात. हळूहळू हलवणं, ताणणं, दाबणं, आणि कधी एकदम छोटासा वेगवान झटका देणं. या उपचाराचा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट सारखी जाणवली. दोन हजार वर्षांत हात फारसा बदललेला नाही. कारण मात्र दर पिढीला बदललं आहे. आणि ते कारण ही काही केवळ पंडितांच्या वादाची बाब नाही, कारण रुग्ण घरी जाताना वैद्याचा हात बरोबर नेत नाही, वैद्याने सांगितलेलं कारण तेवढं नेतो.

सुरुवात रोमपासून करू. दुसऱ्या शतकात तिथे गॅलन हा वैद्य होता. त्याच्याकडे पॉसानिअस नावाचा सीरियाचा एक सोफिस्ट, म्हणजे वक्तृत्व शिकवणारा पंडित आला. त्याच्या एका हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. आधीचे वैद्य काय करत होते? बोटांना लेप लावत होते. बोटं बधिर आहेत, तर औषध बोटांना, यात चूक काय! गॅलनने त्याला विचारलं, आधी कुठे मार लागला होता का? तेव्हा कळलं की वाटेत तो गाडीतून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. गॅलनने शरीरविच्छेदनं केलेली होती, प्राण्यांची का होईना. मानेच्या सातव्या मणक्याखालून निघणारी नस कुठल्या बोटांना जाते हे त्याला ठाऊक होतं. त्याने तेच लेप बोटांवरून काढून मान आणि पाठ जिथे मिळतात तिथे लावले, आणि माणूस बरा झाला. दुखऱ्या अवयवांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने ही हकिगत दिली आहे, आणि थोडी मिरवूनच दिली आहे. गॅलन विनयासाठी प्रसिद्ध नव्हता.

आता नैयायिकाने इथे काय म्हणावं? डोंगरावर धूर दिसला तर अग्नीचं अनुमान होतं. पण धूर जिथे दिसतो तिथेच आग असते असं नाही, वारा धूर वाहून नेतो. दुखणं जिथे दिसतं तिथेच त्याचं कारण असतं असं नाही. गॅलनचं हे अनुमान निर्दोष होतं. पण लेप बदलल्याने माणूस बरा झाला, की पडल्यानंतर पुरेसे दिवस गेले म्हणून बरा झाला? हा प्रश्न गॅलनने विचारला नाही. पुढे अठराशे वर्षं फारसा कोणी विचारला नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दोन वेगळ्या ठिकाणी मान येते, आणि त्या दोन जागा एकत्र ठेवून वाचण्यात मौज आहे. पहिली जागा निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात, वातव्याधींमध्ये. तिथे मन्यास्तंभ येतो, म्हणजे मान ताठ होणं. कारणं काय दिली आहेत? दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं-उभं राहणं, मान वळवून वर पाहत राहणं. हे आज एखाद्या फिजिओथेरपिस्टने आयटी कंपनीत जाऊन सांगितलं तरी चालेल. पुढे त्याची संप्राप्ती, म्हणजे आत काय घडतं हे, कफाने वेढलेल्या वायूच्या भाषेत सांगितलं आहे. उपचार शेकाचे आणि नस्याचे. हाताने वळवण्या-ताणण्याचा तिथे मुख्य उपचार म्हणून उल्लेख नाही.

दुसरी जागा चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत. मान मुरडली किंवा खाली आत बसली तर काय करायचं? मानेचा मागचा खळगा आणि दोन्ही जबडे धरून माणसाला वर उचलायचं. मग फळ्या सारख्या लावून कापडी पट्ट्याने बांधायचं आणि सात रात्री उताणं झोपवायचं. ही पकड लक्षात ठेवा: एक हात मानेमागे, एक हनुवटीखाली, आणि ओढ डोक्याच्या दिशेने. हीच पकड विसाव्या शतकात लंडनमध्ये पुन्हा भेटणार आहे. सुश्रुतातून ती लंडनला गेली असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणायला काही आधार नाही आणि अशी विधानं ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. मानेला धरायच्या जागाच दोन आहेत, म्हणून दोघांचे हात तिथेच गेले. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सुश्रुताने आखडलेली मान आणि सांध्यातून सरकलेली मान यांचे अध्याय वेगळे ठेवले. ‘हाड जागेवरून हललं आहे’ ही गोष्ट त्याने जिथे खरोखर हाड हललं असेल तिथेच म्हटली. हा विवेक पुढे फार लोकांनी सोडला.

ग्रीसचा हिप्पोक्रॅटिसही इथे एका वाक्यापुरता हवा. सांध्यांवरच्या ग्रंथात तो शिडीला उलटं बांधून माणसाला वरून आदळवण्याच्या उपचाराबद्दल लिहितो, आणि हे करणारे बहुतेक वैद्य गर्दीला आ वासायला लावण्यासाठी करतात अशी टिप्पणी करतो. मोठा आवाज आणि मोठा झटका याला प्रेक्षक मिळतात, हे तेव्हापासून माहीत आहे.

मधली बरीच शतकं ओलांडून आपण इंग्लंडमध्ये येऊ. तिथे ‘बोनसेटर’ होते, म्हणजे आपले हाडवैद्यच. विद्या घराण्यातून आलेली, कॉलेजचं तोंड न पाहिलेलं. आपल्याकडे तालमीतले वस्ताद पैलवानाचा निखळलेला सांधा बसवतात ना, तसंच. १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात एक व्याख्यान दिलं. विषय: बोनसेटर ज्यांना बरं करतात ते रुग्ण. विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की तुमच्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक प्रतिस्पर्धी येणार आहे. त्याने केलेली हानी मोजत बसू नका, तो बरं काय करतो ते शिका. प्रतिष्ठेच्या शिखरावरचा माणूस हे बोलतो, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं.

ते खरोखर शिकायला गेला व्हार्टन हूड नावाचा तरुण डॉक्टर. त्याच्या वडिलांनी, तेही डॉक्टर, रिचर्ड हटन या लंडनच्या बोनसेटरवर एकदा उपचार केले होते आणि फी घेतली नव्हती. हटनने उतराई म्हणून काय द्यावं? आपली विद्याच देऊ केली. वडिलांना वेळ नव्हता, मुलगा गेला. १८७१ साली हूडने हे सगळं छापलं. हटन प्रत्येक रुग्णाला एकच सांगे: ‘हाड सरकलंय.’ मग एक विशिष्ट पीळ, कट्ट असा आवाज, आणि ‘बसलं’. हूडने शरीररचना शिकलेली होती. त्याच्या लक्षात आलं की बहुतेकांचं हाड मुळी सरकलेलंच नव्हतं. दुखापतीनंतर सांधा फार दिवस न हलवल्याने आत जे चिकटलेपण येतं ते हटनचा हात तोडत होता, असं त्याने अनुमान केलं. हटनला कळत होतं कसं करायचं. काय करतोय हे कळत नव्हतं. गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने ‘कसं’चं ज्ञान आणि ‘काय’चं ज्ञान असा भेद पुढे केला, त्याला हटनपेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पण तेवढ्यावर थांबू नका. हूडचं चिकटलेपण हेसुद्धा एक अनुमानच होतं. एक कारण जाऊन दुसरं आलं, हात तोच राहिला.

त्याच सुमारास अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक डॉक्टर होते. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुलं गेली. घरात औषधं होती, डॉक्टर होते, उपयोग झाला नाही. त्या काळच्या औषधांत पारा आणि अफू किती असे हे आठवलं तर त्यांचा औषधांवरचा विश्वास का उडाला ते समजतं. १८७४ मध्ये त्यांनी आपला नवा पंथ जाहीर केला, त्याला पुढे ऑस्टिओपॅथी नाव मिळालं, आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. त्यांच्या आत्मचरित्रात मानेचीच एक आठवण आहे. लहानपणी डोकं ठणकत होतं, तेव्हा नांगराची दोरी दोन झाडांना जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधली, वर घोंगडीचं टोक टाकलं, आणि त्यावर मान टेकवून पडले. झोप लागली, उठले तर डोकं उतरलेलं! पुढे साठी ओलांडल्यावर त्यांनी या दोरीचं कारण सांगितलं: मानेतल्या नसांवर दाब पडला आणि रक्ताचा प्रवाह सुरळीत झाला. रक्तवाहिनी हे त्यांच्या शास्त्राचं दैवत होतं. मणका वाकडा झाला की रक्त अडतं, रक्त अडलं की रोग.

त्यानंतर डॅनियल डेव्हिड पामर. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये ते चुंबकीय उपचार करत असत. १८ सप्टेंबर १८९५ ही कायरोप्रॅक्टिकची जन्मतारीख मानतात. हार्वी लिलार्ड हा त्या इमारतीत साफसफाईचं काम करणारा कृष्णवर्णीय गृहस्थ सतरा वर्षं बहिरा होता. पामरांनी त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी कथा. कानाची नस त्या वाटेने जात नाही, ही शरीररचनेची अडचण तेव्हाही होती. पामरांचं दैवत रक्तवाहिनी नव्हे, नस. मणका किंचित सरकतो, नस दाबतो, आणि जवळजवळ सगळे रोग त्यातून होतात. त्या सरकण्याला त्यांनी नाव दिलं ‘सब्लक्सेशन’. पुढचा इतिहास कोर्टकचेऱ्यांचा आहे. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल पामर स्वतः तुरुंगात गेले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या मंडळींना अवैज्ञानिक पंथ ठरवून वाळीत टाकलं, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी ते वाळीत टाकणं बेकायदा ठरवलं. कोर्टाने स्पर्धेचा कायदा बघितला. मणका सरकतो की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम नव्हतं. लोक मात्र निकालाचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात.

आता लंडन. सेंट थॉमस रुग्णालयातले डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांना बोनसेटर, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर कोणीच पसंत नव्हते. पण हातांनी गुण येतो हे त्यांनी नाकारलं नाही. हे हात फिजिओथेरपिस्टांच्या हाती द्या, म्हणजे विद्या वैद्यकाच्या अंगणात येईल, असा त्यांचा आग्रह. मानेसाठी त्यांची रीत अशी: सहायकाने पाय धरून ठेवायचे, आपण एक हात डोक्यामागे आणि एक हनुवटीखाली घालून जोराने ओढायचं, आणि त्या ताणात मान वळवायची. आली ना ती पकड? कारण मात्र तिसरंच. दोन मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा सरकतो, ओढल्याने तो जागेवर जातो. हाड गेलं, रक्तवाहिनी गेली, नस गेली, चकती आली.

या सगळ्यांत आम्हाला ज्याच्याबद्दल सर्वांत आदर वाटतो तो माणूस ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा, जेफ्री मेटलंड. फिजिओथेरपिस्ट. १९६४ मध्ये त्यांचं मणक्याच्या उपचारांवरचं पुस्तक आलं. आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना त्यांचे ‘ग्रेड’ पाठ असतात. पहिल्या ग्रेडमध्ये हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी हलकी, बारीक हेलकाव्याची हालचाल. दुसऱ्यात मोठी, पण अडथळ्यापर्यंत न जाणारी. तिसऱ्यात मोठी आणि अडथळ्यापर्यंत. चौथ्यात बारीक, पण अडथळ्यावरच. त्यापलीकडे झटका. दुखणं जास्त असेल तर पहिली-दुसरी, आखडलेपण जास्त असेल तर तिसरी-चौथी. दाबायचं, थांबायचं, पुन्हा मान वळवून बघायची, विचारायचं. फरक पडला का? नसेल पडला तर बदलायचं.

पण मेटलंडची खरी देणगी ही नव्हे. ते विद्यार्थ्यांना मनात एक विटांची भिंत बांधायला सांगत. भिंतीच्या एका बाजूला सिद्धान्त: चकती, सांधा, निदानाची नावं. दुसऱ्या बाजूला रुग्ण जे दाखवतो आणि सांगतो ते: कुठे दुखतं, कशाने वाढतं, किती अंश वळतं. भिंत सच्छिद्र आहे, विचार इकडून तिकडे जाऊ शकतात. पण एका बाजूचं दुसऱ्या बाजूचं म्हणून खपवायचं नाही. रुग्णाने दाखवलेली गोष्ट पुस्तकात बसत नसेल तर पुस्तकाने थांबायचं. आम्ही बत्तीस वर्षं प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं शिकवली. त्यांच्यातली मेर इतक्या सोप्या शब्दांत आम्हाला कधी सांगता आली नव्हती. स्टिल, पामर, हटन यांच्याजवळ ही भिंत नव्हती. ‘गुण आला’ हे प्रत्यक्ष, त्यावरून त्यांनी ‘हाड बसलं’ हे अनुमान केलं आणि तेही प्रत्यक्षच आहे असं रुग्णाला सांगितलं.

ते अनुमान कुठे मोडतं, ते बघू. पहिली गोष्ट त्या कट्ट आवाजाची. हाड बसल्याचा तो आवाज नव्हे. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी बोटांच्या सांध्यावर प्रयोग करून दाखवलं की सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी होते आणि ती फुटल्याने आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडात सांधा मोडताना एमआरआयने चित्रीकरण केलं तेव्हा दिसलं की आवाज पोकळी फुटताना नाही, तयार होताना येतो. ते काही असो; दोन्ही पक्षांत हाड जागेवर येण्याचा संबंध नाही. दुसरी गोष्ट, १९९८ मध्ये स्वीडनमध्ये कमरेच्या खालच्या सांध्यावर झटका देण्याआधी आणि नंतर अतिसूक्ष्म क्ष-किरण मोजणी केली. सांध्याची जागा बदलली नव्हती. हा मानेचा सांधा नव्हे, मान्य. पण ‘सरकलं होतं, बसवलं’ म्हणणाऱ्यांवर पुराव्याचा भार त्यानंतर वाढला, एवढं म्हणायला हरकत नाही.

मग गुण येतो तो कशाने? की येतच नाही? इथे आपल्या परंपरेतली दोन हत्यारं कामाला येतात. पहिलं, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आखडलेली मान बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपली आपण मोकळी होते. तिसऱ्या दिवशी आजीने उशी उन्हात टाकली, पाचव्या दिवशी मान सुटली, श्रेय उशीला. पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते तीही याच वाटेने. आपण हसतो. पण हटनच्या यशातला काही भाग, पामरांच्या यशातला मोठा भाग याच खात्यात जमा करावा लागेल.

दुसरं हत्यार अधिक धारदार आहे: उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं; पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी. ‘जिथे हस्तोपचार तिथे गुण’ असं दिसलं, तर नैयायिक लगेच विचारेल: इथलं ओलं सरपण कोणतं?

आधुनिक चाचण्या नेमकं हेच विचारतात, फक्त त्यांना नैयायिक भेटलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी घ्या. मान दुखणारे १८३ लोक, चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटले. एकाला हातांचे उपचार, झटका न देता, आठवड्यातून एकदा पाऊण तास. दुसऱ्याला मुख्यतः व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपी. तिसऱ्याला घरच्या डॉक्टरचा सल्ला आणि वेदनाशामक. सात आठवड्यांनी यशाचं प्रमाण अनुक्रमे ६८, ५१ आणि ३६ टक्के. म्हणजे हातात काहीतरी आहे. वर्षभराने मात्र हे अंतर बरंच कमी झालं. अमेरिकेतली २०१२ ची २७२ जणांची चाचणी सांगते की झटक्याचे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले. पण दोन बैठकांत नीट शिकवून घरी करायला दिलेला साधा व्यायाम झटक्याच्या जवळपास बरोबरीला आला. आणि २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ५१ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हळू हलवणं आणि वेगाने झटका देणं यांच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही. आवाज करणारा उपचार आवाज न करणाऱ्यापेक्षा भारी नाही, हे लक्षात घ्या.

यापुढची गंमत अशी. मानेच्या कुठल्या मणक्यावर दाबायचं हे थेरपिस्टने बोटांनी चाचपून ठरवावं, की चिठ्ठी टाकून? करून पाहिलं. तत्काळ आरामात फरक पडला नाही. २००५ मध्ये तर मान दुखणाऱ्यांच्या छातीमागच्या मणक्यांना झटका दिला, मानेला हातही लावला नाही, तरी दुखणं लगेच कमी झालं. गॅलनने बोटांवरचा लेप मानेखाली नेला होता. इथे मानेवरचा हात पाठीवर गेला. एखादा विशिष्ट मणका ‘सरकला’ असता आणि तो बसल्याने गुण येत असता, तर असं व्हायला नको होतं.

म्हणून आजचे संशोधक कारण हाडातून काढून मज्जासंस्थेत शोधतात. स्पर्श, ताण, दाब यांमुळे मणक्यातल्या आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटांवर तात्पुरता परिणाम होतो, स्नायूंचं आवळलेपण सैल होतं, मान वळू शकते याची माणसाला खात्री पटते आणि तो ती वळवू लागतो. त्यात पाऊण तास आपलं ऐकणारा माणूस, त्याचा आत्मविश्वास, आपली अपेक्षा हे सरपणही आलं. हे कारण शेवटचं आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. आधीच्या कारणांपेक्षा ते एका बाबतीत मात्र उजवं आहे: रुग्णाला ते घाबरवत नाही.

आणि सुरुवातीला राखून ठेवलेलं दुसरं कारण हेच. आपल्या गावा-शहरांतून आज सर्रास ऐकू येणारं वाक्य कुठलं? ‘तुमच्या मणक्यात गॅप आहे.’ आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला पस्तिसाव्या वर्षी हे सांगितलं गेलं. कोणी सांगितलं ते सोडा. दुखणं दोन महिन्यांत गेलं. गॅप राहिला! त्यानंतर वीस वर्षं त्यांनी कळशी उचलली नाही, एसटीच्या मागच्या सीटवर बसल्या नाहीत, नातवंडाला कडेवर घेतलं नाही, आणि गळ्याला पट्टा. आता हे ऐका. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले. ८७.६ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या मुलामुलींतही दर चारांपैकी जवळपास तिघांच्या. म्हणजे चित्रात जे दिसतं ते केस पिकण्यासारखं असू शकतं. ‘तुमचे केस पिकलेत, म्हणून डोकं दुखतंय’ असं कोणी म्हटलं तर आपण त्या माणसाकडे कसं बघू?

‘गॅप’, ‘सरकलंय’, ‘नस दबलीय’ हे शब्द हटन आणि पामरांचे नातलग आहेत. फरक इतकाच, की हटन निदान ‘बसलं’ असं म्हणून माणसाला मोकळं करून पाठवत असे.

शेवटी धोक्याचं. मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. धमनीचा आतला पदर फाटून अर्धांगाचा झटका आल्याच्या घटना झटक्याच्या उपचारांनंतर नोंदल्या गेल्या आहेत. विरळ, पण गंभीर. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात नऊ वर्षांतले असे ८१८ झटके तपासले गेले आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला. झटक्याआधी कायरोप्रॅक्टरकडे गेल्याचा संबंध तरुण रुग्णांत दिसला. पण तसाच संबंध साध्या घरच्या डॉक्टरकडे गेल्याचाही दिसला, आणि डॉक्टरांनी मान मोडलेली नव्हती. संशोधकांनी अर्थ लावला की धमनी आधीच फाटू लागली होती, त्यानेच मान दुखत होती, आणि म्हणून लोक कोणाकडे तरी गेले. पुन्हा धूर आणि अग्नीची अदलाबदल. पण यावरून झटका निर्धोक ठरत नाही. फाटू लागलेल्या धमनीच्या माणसाची मान पिळायला नको, हे तर उघड आहे. म्हणून चांगला थेरपिस्ट मानेला हात लावण्याआधी विचारतो: दुखणं आजवर कधी नव्हतं असं अचानक आलं का, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलण्यात जडपणा, चेहऱ्यावर बधिरपणा आहे का? पडलात का, ताप आहे का, वजन घटतंय का, हातातली पकड सैल झाली का, चालताना तोल जातो का? यातलं एकही ‘हो’ आलं तर हात थांबतात आणि रुग्ण आधी डॉक्टरकडे जातो.

केशकर्तनालयात दाढी झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून दोन्ही बाजूंना कडकन मान मोडून देतात, ती पकड तुम्ही आता ओळखली असेलच. तिथे यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. त्या खुर्चीवर बसलात तर ‘मान नको’ एवढे दोन शब्द आधीच सांगून ठेवा. चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत फिजिओथेरपीचे विद्यार्थी बसलेले दिसतात, त्यांच्यापासून सुरू करू.